ग्रुपमध्ये कोणी कामच करत नाही, आणि सबमिशनला चोवीस दिवस

"मॅडम, मी दिग्दर्शक आहे म्हणून सगळं माझ्यावरच आलंय. ग्रुपमध्ये कोणी कामच करत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की छातीत धडधडायला लागतं आणि मी लॅपटॉप मिटून टाकते. चोवीस दिवस राहिलेत. हा माहितीपट काही होत नाही."

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षात ही तक्रार दर सत्रात थोड्याफार फरकाने कानावर येते. इथलं उदाहरण अशा अनेक विद्यार्थ्यांच्या अडचणी एकत्र करून लिहिलं आहे, म्हणजे कोणा एकाची ओळख पटणार नाही. अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही करून पाहिलेले आहेत.

पाच जणांचा ग्रुप. आठ मिनिटांचा माहितीपट. विषय 'मुंबईतले कोळी आणि बदलतं शहर'. सहा तासांचं फुटेज झालेलं, पण ते पाच फोनमध्ये विखुरलेलं.

अशा वेळी "घाबरू नकोस, होईल सगळं" म्हणण्याचा काही उपयोग नसतो. आधी झोप, जेवण आणि हे कधीपासून चाललंय एवढं विचारायचं. या मुलीची झोप आठवडाभर उडाली होती, पण जेवण नीट होतं आणि कॉलेज सोडून इतर वेळी ती मैत्रिणींमध्ये रमत होती. म्हणजे ताण प्रोजेक्टचा होता. झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रोजेक्ट बाजूला ठेवून तज्ज्ञांकडे जायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

मग कागदावर तीन रकाने: झालेलं, उरलेलं आणि ज्याचा निर्णयच झालेला नाही असं. पहिल्या दोन रकान्यांत चार-चार ओळी आल्या. तिसरा रकाना पान भरून पाठीमागे गेला. गोष्ट कोणाची? निवेदन हवं की नको? ती खराब आवाजाची मुलाखत ठेवायची का? एडिट कोण करणार? इथेच खरी गाठ होती. उरलेलं काम माणूस थकत का होईना, करतो. न घेतलेले निर्णय मात्र झोप लागू देत नाहीत. म्हणून चोवीसपैकी पहिले दोन दिवस फक्त निर्णयांसाठी ठेवायचं ठरलं. त्या दोन दिवसांत एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायचंच नाही, हे ऐकूनच तिला हलकं वाटलं.

पहिला निर्णय विषयाचा. 'कोळी आणि बदलतं शहर' यावर आठ मिनिटांत बोलायचं तर सगळंच वरवरचं होतं. एका वाक्यात सांगायचं: कोण, किती वेळात, काय करू पाहतं आणि आड काय येतं. तिच्याकडचं फुटेज पाहून वाक्य असं ठरलं: पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल घेऊन दुपारपर्यंत वेसाव्याच्या बाजारात तो विकणाऱ्या एका मावशीचा एक दिवस, घरपोच मासळी देणाऱ्या ॲपमुळे गिऱ्हाईक कमी झालेलं असताना. बाकीच्या दोन मुलाखती चांगल्या असूनही बाहेर गेल्या. मन घट्ट करावं लागतं, पण एवढ्या एका वाक्याने सहा तासांचं फुटेज अडीच तासांवर येतं.

(याच विषयावर पहिल्या सत्रात काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. जूनमध्ये विषय घेऊन जुलैत धक्क्यावर कॅमेरा लावला, तर नांगरलेल्या होड्याच मिळतील.)

आता ग्रुप. 'कोणी काम करत नाही' या वाक्याच्या आत बहुतेक वेळा 'कोणाला कोणतं काम आहे हेच ठरलेलं नाही' हे वाक्य असतं. चाळीस मिनिटांची एकच बैठक घ्यायला सांगितलं. अट एवढीच, की मागचा हिशेब काढायचा नाही. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: काम, एकाच माणसाचं नाव, तारीख-वेळ आणि ते झालं हे कशावरून कळणार. 'एडिटिंग बघणे' हे काम नव्हे. 'मावशींच्या मुलाखतीचा टाइमकोडसह (कोणतं वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते) लेखी उतारा, गुरुवारी रात्री ९ पर्यंत ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये' हे काम. एका कामापुढे दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट पाहत बसतात.

बोलायची पद्धतही आधी ठरवून घेतली. "तू काहीच करत नाहीस" याला समोरून भांडण किंवा मौन एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: "गुरुवारपर्यंत उतारा हवाय. तुला जमेल का? नसेल तर यातलं दुसरं काय घेतोस?" बैठकीत कळलं, की संध्याकाळच्या शूटला कधीच न येणारा मुलगा बदलापूरहून ये-जा करतो आणि संध्याकाळी नोकरीला जातो. लाजेपोटी तो हे बोलला नव्हता. उतारा लिहायचं काम त्याने आनंदाने घेतलं, कारण ते लोकलमध्ये कानात हेडफोन घालून होतं. आणखी एकीकडे लॅपटॉप नव्हता. तिने परवानग्या, संमतिपत्रं आणि कामाची नोंदवही घेतली.

फुटेज गोळा करण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबू. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते आणि तिचा दर्जा परत येत नाही. मूळ फाइल केबलने किंवा कार्ड रीडरने घ्यायची. एकाने पाठवून झाल्यावर मूळ क्लिप पुसल्या होत्या. बहुतेक फोनमध्ये पुसलेल्या फाइल ३० दिवस कचरापेटीत राहतात, तिथे त्या सापडल्या. फोर-के चित्रण बऱ्याच फोनवर मिनिटाला ३०० ते ४०० एमबी खातं, म्हणजे सहा तासांना शंभर जीबीहून जास्त जागा लागते. डिस्क फॅट-३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर चढतच नाही. रिकामी असताना ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यायची. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळी घरं. दोन्ही प्रती उघडून, चालवून पाहिल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही.

मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात, ही तक्रारही नेहमीची. त्यात एडिटरचा दोष नसतो. फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) घेत नाही. उजेड कमी-जास्त झाला की वेग बदलतो. मोठ्या क्लिपमध्ये हा फरक साचत जातो. एडिटच्या आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेट (सेकंदाला ठरावीक फ्रेम) निवडून क्लिप काढून घ्यायची. मूळ चित्रण ३० फ्रेमचं असेल तर ३०च ठेवायचं, २५ करायला गेलात तर हालचाल झटके खाते. आणि लॅपटॉप अडकतो म्हणून नवा मागायची गरज नाही. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही हलक्या दर्जाच्या प्रॉक्सी (तात्पुरत्या बदली) फाइल बनवून त्यांवर एडिट करता येतं.

यानंतरचा टप्पा पूर्ण कागदावरचा. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. मराठी माणूस मुलाखतीत मिनिटाला साधारण १२० शब्द बोलतो असं धरलं, तर आठ मिनिटं सलग बोलणं सुमारे ९६० शब्दांचं होतं. पण एक तृतीयांश वेळ बाजाराच्या आवाजाला आणि नुसत्या दृश्यांना हवाच. म्हणजे उताऱ्यातून सहाशे-साडेसहाशे शब्दच निवडायचे. उतारा छापून वाक्यं कात्रीने कापायची आणि जमिनीवर क्रम लावायचा. पाचही जण भोवती बसले की पहिल्यांदाच सगळ्यांना एकच फिल्म दिसते. सॉफ्टवेअरला घाबरणाऱ्या मुलांना या कामाने सर्वाधिक धीर येतो, कारण सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन (क्लिप जोडायची पट्टी) उघडेपर्यंत अर्धा माहितीपट ठरलेला असतो.

मावशींची मुलाखत पुन्हा घ्यावी लागली. पहिली बाजारातच, फोन दोन मीटरवर ठेवून घेतलेली. गलका आणि शब्द एकाच पातळीवर आले तर ते नंतर वेगळे काढण्याच्या फंदात चार दिवस जातात आणि आवाज पत्र्यासारखा होतो. दुपारी बाजार उठल्यावर मावशींच्या घरी, पंखा आणि फ्रिज बंद करून, कॉलर माइक हनुवटीखाली १५-२० सेंटिमीटरवर लावून ती पुन्हा झाली. इथे एक बारकावा: गळ्यात सोन्याच्या माळा असतील तर माइक त्यांवर घासतो आणि प्रत्येक श्वासागणिक खर्रर येतं. माळा काढायला सांगू नये, तो त्यांचा मान आहे. माइक पदराच्या काठाला, माळांच्या बाजूला चिकटपट्टीने पक्का करावा आणि आधी अर्धा मिनिट हेडफोनवर ऐकावं. आवाजाची उंच टोकं रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्यावा. वाक्यांमधले सांधे त्यानेच झाकतात. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये. मासळी असते त्यात.

ट्यूबलाइटखालच्या शॉटमध्ये सरकणारे पट्टे दिसत होते. आपली वीज ५० हर्ट्झची. फोन आपोआप ३० फ्रेम आणि १/६० शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) घेतो आणि दिव्याच्या लुकलुकण्याशी त्याचा मेळ बसत नाही. मॅन्युअल ॲपमध्ये २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पट्टे जातात. इथे मात्र सगळं आधीचं चित्रण ३० फ्रेमचं होतं, म्हणून तेच ठेवून शटर १/१०० केलं. जुने पट्टेवाले शॉट दोन-तीन सेकंदांपुरतेच वापरले.

उरलेल्या दृश्यांसाठी एकच दिवस दिला, हातात पंधरा शॉटची यादी. प्रत्येक कृतीचे पाच: हात, चेहरा, दोन्ही एकत्र, खांद्यामागून आणि लांबून, प्रत्येक निदान दहा सेकंद न हलता. धक्क्यावर आणि बाजारात चित्रीकरणाआधी तिथल्या कार्यालयात कॉलेजचं पत्र द्यायचं. रेल्वे हद्दीत परवानगीशिवाय शूटिंग नाही, म्हणून लोकलमधला 'भारी' शॉट सोडून दिला. संमतिपत्र मराठीत, मावशींना वाचून दाखवून सही घेतलेलं. ॲपमुळे धंदा बसल्याचं बोलणाऱ्या बाईला, हे कुठे दाखवलं जाणार हे कळायलाच हवं.

चोवीस दिवसांची मांडणी शेवटी अशी झाली: दोन दिवस निर्णय, दोन फुटेज गोळा करणं, चार उतारे, दोन कागदी एडिट, दोन पुन्हा शूट, चार पहिली जोडणी. ही जोडणी दहा-अकरा मिनिटांची आली तरी चालते. मग गाइडना दाखवून दोन दिवसांत दृश्यांचा क्रम पक्का. त्यानंतर कोणी एक फ्रेमही हलवायची नाही, नाहीतर आवाज आणि सबटायटल पुन्हा करावी लागतात. दोन दिवस आवाज आणि सबटायटल, एक दिवस अंतिम फाइल. तीन दिवस मोकळे ठेवले आणि त्यांतले दोन लागलेच. फाइल एमपी-४, एच-२६४, १०८०पी, सुमारे १२ एमबीपीएस (सेकंदाला १२ मेगाबिट). आठ मिनिटांची जेमतेम ७२० एमबी होते. ती कॉलेजच्या ज्या संगणकावर दाखवायची तिथेच पूर्ण चालवून बघावी.

कामाची नोंदवही रोज पाच ओळींची: काय ठरलं, का ठरलं, कोणी केलं. परीक्षक प्रक्रिया विचारतात तेव्हा हीच उपयोगी पडते. शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

एवढं करूनही एखादा काम देत नसेल तर? पहिली तारीख चुकली की खाजगीत विचारायचं, अडचण काय आहे. दुसरी चुकली की ते काम दुसऱ्याच्या नावावर करायचं, वहीत तसं लिहायचं आणि गाइडना त्याच दिवशी कळवायचं: "सर, या कामाची तारीख दोनदा चुकली. आम्ही ते अमुककडे दिलं आहे. वेळापत्रक सोबत जोडलं आहे, मुदतवाढ नको आहे." सबमिशनच्या आदल्या दिवशी केलेली तक्रार भांडण वाटते, पंधरा दिवस आधी केलेली नोंद नियोजन ठरते. श्रेयनामावलीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याने खरोखर केलेलं कामच लिहायचं. बदलापूरच्या मुलाच्या नावापुढे 'संशोधन आणि मुलाखत-लेखन' असं आलं, आणि तोंडी परीक्षेत मावशींबद्दलचे प्रश्न त्याच्याकडेच वळले, कारण त्यांचा शब्द न् शब्द त्यानेच ऐकला होता.