परदेशात रुळलो की नाही, हे कोणत्या आकड्यावरून ठरवायचं?

परदेशी राहायला गेलेल्या माणसांचा एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. "इतके महिने झाले, आता तरी रुळायला हवं होतं. माझ्यातच काही कमी आहे का?" अलीकडे तो पुष्कळदा आकड्यासकट येतो. कंपनीने किंवा विद्यापीठाने एखादी प्रश्नावली भरून घेतलेली असते आणि माणूस तिच्या निकालाकडे नापास झालेल्या मुलाने गुणपत्रिकेकडे पाहावं तसा पाहत असतो.

असंच एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पस्तिशीचे, तांत्रिक कामातले. कंपनीच्या बदलीवर पत्नीसह दुसऱ्या देशात गेले, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मुदत वाढवायची की नाही हे ठरवण्याआधी कंपनीने त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि निकालात एकच आकडा कळवला, 'सरासरीपेक्षा कमी'. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "मॅडम, मी तो आलेख पाहिलाय. सुरुवातीला मजा, मग घसरण, मग पुन्हा वर. माझं वर जाणं सुरूच होत नाहीये. बायको मात्र मस्त रुळली."

आधी त्या आलेखाचं बोलू, कारण त्याने अनेकांची झोप उडवली आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी ही रेघ स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाच्या १९५५ च्या अभ्यासातून आली. अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांना त्याने त्यांचे अनुभव विचारले. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक मधल्या गटापेक्षा बरे जुळवून घेतलेले दिसले. पण एकाच माणसाला महिन्यामागून महिना मोजून ही रेघ काढलेली नव्हती. वेगवेगळ्या मुदतीची माणसं शेजारी ठेवून ती काढली होती आणि तीही परतल्यानंतरच्या आठवणींवरून. पुढे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तिथे शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना आल्याआल्या गाठलं आणि वर्षभर पुन्हा पुन्हा मोजलं. मनाची सगळ्यात वाईट अवस्था अगदी सुरुवातीलाच निघाली. सुरुवातीच्या गाजलेल्या मजेचा पत्ताच नव्हता.

हे ऐकून गृहस्थ थोडे चिडले. "मग मी इतके दिवस कशाची वाट बघत होतो?" राग रास्त होता. वेळापत्रक ठरलेलं असलं की माणूस रोज स्वतःला त्याच्याशी ताडून बघतो आणि त्या ताडून बघण्यातच निम्मा थकतो.

मग आम्ही मोजणीकडे वळलो. मी त्यांना दोन वेगळे कागद भरायला दिले. वॉर्ड यांनी १९९० च्या सुमारास एक भेद पुढे आणला आणि माझ्या मते या सगळ्या विषयात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. नव्या जागी व्यवहार जमणं ही एक गोष्ट आणि तिथे मनाला बरं वाटणं ही दुसरी. दोन्हींत संबंध असतो, पण एक मोजलं म्हणजे दुसरं कळलं असं होत नाही. व्यवहार सहसा दिवसांबरोबर, भाषेबरोबर आणि स्थानिक लोकांतल्या वावराबरोबर सुधारतो. मनाचं बरं-वाईट स्वभाव, आधार देणारी माणसं आणि त्याच काळात आयुष्यात चाललेल्या इतर उलथापालथी यांवर जास्त अवलंबून असतं. कंपनीच्या प्रश्नावलीने या दोन्हींची बेरीज करून एक आकडा काढला होता. असा आकडा फाइलमध्ये ठेवायला सोयीचा असतो, माणसाला मात्र त्याचा काडीचा उपयोग नसतो.

पहिला कागद वॉर्ड आणि केनेडी यांच्या १९९९ च्या मोजपट्टीच्या धर्तीवरचा. प्रवासाची साधनं वापरणं, सरकारी कामं करून घेणं, मित्र जोडणं, विनोद कळणं, वरिष्ठांशी वागणं अशा एकेका बाबीपुढे 'अजिबात अडचण नाही' ते 'पराकोटीची अडचण' असे एक ते पाच आकडे. यात पास-नापासाची रेघ नाही आणि ती शोधूही नये. दुसरा कागद डेम्स आणि खेरार्ट या संशोधकांच्या २०१४ च्या छोट्या पट्टीसारखा. आपण इथे उपरे आहोत असं किती वेळा वाटतं, घरची आठवण किती छळते, कसं वागावं या धास्तीने किती वेळा अस्वस्थ होता, रोजच्या जगण्यात किती समाधान आहे.

पत्नीनेही दोन्ही कागद भरावेत असं मी सुचवलं, नवऱ्याच्या उत्तरांकडे न बघता.

निकाल मजेशीर होता. 'मस्त रुळलेल्या' पत्नीच्या पहिल्या कागदावर चार-पाचांची रांग. भाषा अडते, कचेऱ्यांत गोंधळ होतो, प्रवासात चुकायला होतं. दुसरा कागद मात्र निवांत. गृहस्थांचं नेमकं उलट. व्यवहाराच्या जवळजवळ सगळ्या बाबींपुढे एक किंवा दोन, आणि मनाच्या कागदावर घराची ओढ फारशी नाही, पण 'कसं वागावं' ही धास्ती सतत. म्हणजे ज्याला व्यवहार जमत होता तो स्वतःला अपयशी समजत होता आणि जिला जमत नव्हता ती खुशाल होती. घरात दोघांचीही समजूत मात्र एकच होती, की ती रुळली आणि हा नाही.

फरक कशाने पडला, ते बोलता बोलता निघालं. पत्नीला भाषेच्या वर्गात दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या. त्यांच्यासमोर चुकलं तरी हसण्यावारी जायचं. गृहस्थांच्या भोवती दिवसभर माणसं असत, पण ज्याच्यासमोर बिनधास्त चुकावं असं एकही नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन ते दिवसभरातलं आपलं प्रत्येक वाक्य तपासत बसत.

आणखी एक गोष्ट मला खटकली. कुणाच्या घरी जाण्यापुढे त्यांनी 'अजिबात अडचण नाही' लिहिलं होतं. शेवटचे कधी गेलात, असं विचारलं. जरा थांबून म्हणाले, "गेलोच नाही कधी." स्वतःच भरायच्या मोजपट्ट्यांची ही गोम आहे. करूनच पाहिलं नाही त्याची अडचण येत नाही, म्हणून आकडा छान दिसतो. त्यामुळे आकड्याशेजारी 'हे मी खरोखर किती वेळा करतो' असा एक रकाना मी स्वतः जोडते. तो मूळ पट्टीत नाही, पण त्याच्याशिवाय मला आकडे वाचता येत नाहीत.

'लोकांत मिसळा' हा सल्ला मी दिला नाही. तो त्यांना आधी अनेकांनी दिला होता आणि त्यात काय करायचं हेच कळत नाही. कागदावरची एकच बाब निवडली, बैठकीत वरिष्ठांशी असहमती दाखवणं. ज्या सहकाऱ्याशी त्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं, त्याला बैठक संपल्यावर विचारायचं, "मी आज बोललो ते कसं वाटलं? तू कसं म्हटलं असतंस?" पहिल्यांदा विचारायला त्यांना बरेच दिवस लागले. सहकाऱ्याचं उत्तर असं, की तुझं म्हणणं बरोबर असतं, पण तू इतक्या आडवळणाने सांगतोस की तू सहमत आहेस असंच सगळ्यांना वाटतं. इतके महिने ते आपण उद्धट ठरू नये म्हणून जपत होते आणि समोरच्यांना त्यांचा विरोध ऐकूच येत नव्हता.

काही आठवड्यांनी पुन्हा कागद भरले. असहमतीचा आकडा एकाने खाली आला. विनोद कळण्याचा आकडा दोनावरून चारावर गेला आणि गृहस्थ घाबरले. मला मात्र बरं वाटलं. आधी ते दुपारच्या सुट्टीत फोनमध्ये डोकं घालून बसत, तेव्हा कुठला विनोद सुटला हे कळायचा प्रश्नच नव्हता. आता ते टेबलावर बसत होते, म्हणून किती सुटतंय ते दिसायला लागलं होतं. मधल्या टप्प्यात अडचण वाढलेली दिसते ती बऱ्याचदा अशीच. या वेळी मनाच्या कागदावरची धास्ती उतरली होती. एकूण बेरीज केली असती तर ती जवळपास तीच आली असती.

स्थलांतरितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी मांडलेले दोन प्रश्नही मी त्यांना विचारले. आपली मूळ ओळख किती जपायची आहे आणि नव्या समाजात किती सामील व्हायचं आहे. त्यांना दोन्ही हवं होतं, पण आपलं जपलं की तिथलं कमी पडतं असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी आपल्या भाषेत बोलणाऱ्या लोकांपासून जाणूनबुजून अंतर ठेवलं होतं. बेरींच्या मांडणीत हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत, एक वाढला की दुसरा घटलाच पाहिजे असं नाही. बेरींनी हेही बजावलं आहे की यजमान समाज दार किती उघडं ठेवतो यावर माणसाची निवड अवलंबून असते. जिथे दारच बंद आहे तिथला कमी आकडा त्या माणसाच्या नावावर मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

इथे एक सावधगिरी. रोज किंवा जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशात रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे आणि हे दोन आठवडे चाललंय, तर 'रुळत नाहीये' म्हणून स्वतःची समजूत घालू नका. तिथे नैराश्याची वेगळी तपासणी लागते आणि डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ गाठावा लागतो. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. या गृहस्थांच्या बाबतीत मी हे पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

कंपनीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मी त्यांना तीन गोष्टी लेखी विचारायला सांगितल्या. हा आकडा मदत देण्यासाठी वापरणार की मुदत ठरवण्यासाठी? सरासरी कुणाची आणि ती माणसं किती काळ राहिलेली? बाबवार उत्तरं मला मिळतील का? मुदतीचा निर्णय याच्यावर होणार हे ठाऊक असलं की माणसं आकडे रंगवून भरतात, मग सरासरीही रंगलेलीच निघते. उत्तर आलं, की निर्णय कामावरून होतो आणि प्रश्नावली फक्त नोंदीसाठी आहे. बाबवार कागदही मिळाला.

मुदत वाढवायची का, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. पत्नीला राहायचं आहे. त्यांना परतावंसं वाटतं, आणि ते वाटणं धास्ती उतरल्यानंतरही टिकून आहे, म्हणजे त्याचा विचार आता वेगळा करावा लागेल. पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत.