इंदूरजवळच्या घाटांत ऑफ-रोडसाठी हातातला सीबी रेडिओ आणि अँटेना कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा: चार-पाच गाड्या घेऊन चोरल, जानापाव, जाम दरवाजा या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर जाता, खाली उतरलं की मोबाइलला रेंज नसते, मग हातात धरायचा सीबी कोणता घ्यावा आणि त्याला अँटेना कोणती लावावी. थोडक्यात सांगायचं तर रेडिओ साधा घ्या, पैसे अँटेनावर घाला. फक्त रेडिओची रबरी अँटेना काढून त्या जागी गाडीवरची अँटेना जोडता आली पाहिजे. ती निघत नसेल तर तो रेडिओ घेऊच नका.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना बोलण्यासाठी ठेवलेला रेडिओपट्टा; तो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. या तरंगाची लांबी 11 मीटर, म्हणजे पाव तरंगाची नीट काम करणारी अँटेना सुमारे पावणेतीन मीटर हवी. वीतभर रबरी अँटेनात तीच तार गुंडाळून बसवलेली असते आणि रेडिओच्या 4 वॅटपैकी बरीचशी शक्ती तिथेच गरम होऊन जाते. त्यात तुम्ही बसता पत्र्याच्या गाडीत. 11 मीटरच्या तरंगाला खिडकी फार लहान पडते, त्यामुळे सिग्नल आतच कोंडतो. गाडीतून गाडीत काही शे मीटर, फार तर किलोमीटरभर. तोच रेडिओ छतावरच्या अँटेनाला जोडला की महूपर्यंतच्या सपाट पठारावर पाच-सात किलोमीटर आरामात मिळतात. घाटात हिशेब बदलतो. पठाराच्या कडेला जाम दरवाज्याशी थांबलेल्या गाडीला निमाडातलं लांबवरचं ऐकू येतं, पण मध्ये एक डोंगराची सोंड आली तर जवळच्या दोन गाड्याही एकमेकींना मुकतात. म्हणून सगळ्यात उंचावर असलेल्या गाडीने निरोप पुढे पोहोचवायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

आता कायद्याचं. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंत परवान्याविना वापरता येतो. अमेरिकी पद्धतीच्या 40 चॅनेलच्या रेडिओवर यात चॅनेल 1 ते 27 बसतात; 28 वं 27.285 वर आहे, म्हणजे हद्दीबाहेर. ट्रकवाल्यांचं म्हणून प्रसिद्ध असलेलं 19 नंबर (27.185) आत येतं, पण आपल्याकडे तिथे कोणी ट्रकवाला भेटणार नाही. रेडिओला डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या बिनतारी विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरण-मंजुरी, आहे का, हे विक्रेत्याला विचारा आणि कागद मागा. ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीबद्दल केंद्राने 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने. जेल रोडवर किंवा ऑनलाइन ‘लाँग रेंज’ म्हणून मिळणारे स्वस्त बाओफेंग वॉकी-टॉकी हे सीबी नव्हेत. ते व्हीएचएफ-यूएचएफ या बऱ्याच वरच्या पट्ट्यांवर चालतात, त्यांना परवाना लागतो आणि सीबीशी ते बोलूच शकत नाहीत. महूला लष्कराचं दूरसंचार महाविद्यालयच आहे. लष्करी हद्दीतून जाताना रेडिओ बंद ठेवलेला बरा.

हातातल्या सीबीत मिडलँड 75-822, प्रेसिडेंट रँडी यांसारखे सेट गाडीच्या अ‍ॅडॅप्टरसह येतात. बॅटरीचा डबा काढून अ‍ॅडॅप्टर सरकवला की 12 व्होल्ट आणि बाहेरची अँटेना दोन्ही एकदम मिळतात, आणि गाडीतून उतरून पुढचा खड्डा बघायला गेलात तर पुन्हा बॅटरी लावून तोच सेट हातात. माझ्या मते ऑफ-रोडसाठी हाच प्रकार योग्य. एक गोष्ट तपासा: सगळ्यांचे सेट एकाच मोडवर हवेत. एकाचा एएम आणि दुसऱ्याचा एफएम असेल तर चॅनेल जुळूनही बोलणं कळणार नाही.

अ‍ॅडॅप्टर नसेल तर सेटच्या सॉकेटला जाड केबल थेट लावू नका. तिच्या वजनाने आणि धक्क्यांनी छोटं सॉकेट आतून सैल होतं. मध्ये अर्ध्या मीटरची बारीक, लवचीक 50 ओहमची जोडकेबल ठेवा.

अँटेनाचं खरं काम बसवण्यात आहे. छत लोखंडी पत्र्याचं असेल तर सुमारे 90 सेंटिमीटरची स्टीलची काडी आणि मोठं चुंबक, छताच्या मधोमध. यात गाडीचा पत्राच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होतो. म्हणूनच कापडी किंवा फायबरच्या छतावर ही अँटेना चिकटतही नाही आणि चालतही नाही. चुंबकाखालची धूळ पुसा, नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. छतावर लोखंडी कॅरिअर असेल तर काडी त्याच्या उभ्या दांड्यांपासून फूटभर तरी दूर ठेवा.

जंगलात फांद्या चुंबक उडवतात. अशा वाटेसाठी बॉनेटच्या बिजागरीशी किंवा स्टेपनीच्या मागे ब्रॅकेट, त्यावर स्प्रिंग आणि त्यावर तीन-चार फुटांची फायबरची अँटेना. तिचा वरचा निम्मा भाग तरी छताच्या वर राहिला पाहिजे. ब्रॅकेट जिथे बोल्टने घट्ट बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडा, दातेरी वॉशर घाला, मग मल्टिमीटरने ब्रॅकेट आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मोजा: एक ओहमच्या आत यायला हवं. मागचा दरवाजा फक्त बिजागऱ्यांवर लटकलेला असतो, तिथलं अर्थिंग (बॉडीशी विजेची जोडणी) भरवशाचं नसतं; दरवाजा ते बॉडी अशी विणलेली तांब्याची पट्टी जोडा. फायबर बॉडीला ‘नो ग्राउंड प्लेन’ प्रकारची, म्हणजे खाली पत्रा नसतानाही चालणारी अँटेना तिच्या स्वतःच्या केबलसकट घ्या, केबल बदलली की ती बिघडते.

हे झाल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते त्याचं माप, मोजल्याशिवाय बोलू नका. 27 मेगाहर्ट्झला चालणारा मीटर घ्या, तो रेडिओ आणि अँटेनाच्या केबलमध्ये लावा. गाडी उघड्या मैदानात, दारं बंद, कोणी टेकून उभं नको. चॅनेल 1, 14 आणि 27 वर मोजा. 1.5 च्या आत उत्तम, 2 पर्यंत चालतं, 3 च्या वर बटण दाबून ठेवलंत तर आतला आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. 27 वर आकडा जास्त आणि 1 वर कमी असेल तर अँटेना लांब आहे, कमी करा; उलट असेल तर वाढवा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, कारण कापलेली काडी परत वाढत नाही. सगळीकडेच 3 च्या वर असेल तर लांबीशी खेळत बसू नका. एकतर अर्थिंग नाही, नाहीतर प्लगमध्ये केबलची मधली तार तिच्याभोवतीच्या जाळीला टेकली आहे. केबलची लांबी कापून एसडब्ल्यूआर ‘जुळवणारे’ सल्लागार भेटतील; त्याने मीटरचा काटा हलेल, अँटेना सुधारणार नाही.

वीज शक्यतो थेट बॅटरीवरून घ्या, दोन्ही तारांना 3 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. आवाजात सतत खरखर असेल तर आधी डॅशकॅमचा आणि मोबाइलचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तोच दोषी असतो. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी मात्र अल्टरनेटरची. दुपारी कधी परक्या भाषांचा गलका ऐकू आला तर सेट बिघडलेला नाही. सूर्य सक्रिय असला की हजारो किलोमीटरवरचं बोलणं आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आदळून खाली येतं. स्क्वेल्च, म्हणजे कमजोर सिग्नल आणि खरखर गाळणारं बटण, थोडा चढवा.

गाड्या कायम एकमेकांच्या नजरेत राहणार असतील तर हा सगळा खटाटोप न करता 446 मेगाहर्ट्झचे परवानामुक्त छोटे सेट घ्या. त्यांचा तरंग 67 सेंटिमीटरचा, खिडकीतून सहज बाहेर पडतो. झाडी आणि वळणं आली की मात्र ते लवकर हात टेकतात.

पावसाळ्यात निघण्याआधी अँटेनाखालच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. पहिल्या पावसानंतर एसडब्ल्यूआर अचानक वाढला तर केबलमध्ये पाणी शिरलंय असं समजा. प्लग उघडून जाळी काळी पडलेली दिसली तर वाळवून उपयोग नाही, केबल बदला.