अडीच वर्षांचं शिंगरू गप्प उभं राहतं, पण जवळ येत नाही. खोगीर टाकण्याआधी त्याचा विश्वास कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की मिरजेजवळच्या वस्तीवर आणलेलं शिंगरू लाथ मारत नाही, चावत नाही, पण माणूस जवळ गेला की गव्हाणीकडे तोंड करून खांबासारखं उभं राहतं. आजूबाजूचे म्हणतायत, 'गरीब आहे, टाका खोगीर, यंदा वरातीला न्या.' मी साताऱ्याकडे घोडी सांभाळतो, म्हणून स्पष्ट सांगतो: यंदा खोगीर नको आणि वरात तर नकोच. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. आणि गप्प आहे म्हणून ते निवांत आहे, असं धरून चालू नका. उड्या मारणारं शिंगरू निदान भीती दाखवतं तरी. हे आतल्या आत आखडतं आणि एखाद्या दिवशी शेजारून ट्रॅक्टर गेला की उसळतं. मग लोक म्हणतात, काही कारण नसताना बिथरलं.

त्याच्या तोंडाकडे नीट बघा. खालचा ओठ आवळून हनुवटीला गाठ आलीय का? डोळ्यावरची कातडी ताणून वर चढलीय का? बरगड्या हलतायत, की श्वास धरून ठेवलाय? हे दिसत असेल तर त्याने हात लावू दिला तरी तो नाइलाज समजा. सैलावलं की मान खाली येते, ओठ लोंबतो, रिकामं तोंड चघळल्यासारखं करतं, लांब फुरफुरतं.

आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या दुखतात, म्हणून काही शिंगरं तोंडाला हात लावू देत नाहीत. खूर बघून घ्या. धनुर्वाताची लस झाली नसेल तर ती आधी; घोड्याला हा रोग फार लवकर धरतो.

मग पिछाडी (मागच्या पायांना बांधलेली दोरी) सोडा आणि त्याला पन्नास-साठ फुटांचं कुंपण घातलेलं मोकळं आवार द्या. लांब जायला जागा असेल तरच त्याच्या जवळ येण्याला अर्थ आहे. शेजारी दुसरा घोडा दिसता असेल तर उत्तम. कळपातलं जनावर एकटं पडलं की निम्मा जीव भीतीतच जातो. समोरून कपाळाकडे जाऊ नका, मागूनही नको, दोन्हीकडे त्याला दिसत नाही. खांद्याच्या रोखाने, तिरकं, हात खाली सोडून चाला. त्याचा एक कान तुमच्याकडे वळला की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. सगळी किल्ली या मागे येण्यात आहे. त्याने तुमची दखल घेतली की तुम्ही त्याच्यावरचा भार काढता, हे त्याला कळू लागतं. पुढे ते स्वतःच मान लांबवून वास घ्यायला येतं. तेव्हा पटकन मोरकी (तोंडावर चढवायचा दोरीचा साज) घालायचा मोह आवरा.

पहिला हात तोंडावर नको. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. जागा बरोबर लागली की वरचा ओठ पुढे काढून वळवळवतं. खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, त्यानंतर.

दोरीचं कामही याच हिशोबाने. हलका ताण द्या, धरून ठेवा, हिसका नको. एक पाय पुढे पडला की त्याच क्षणी दोरी सैल. घोडा ताणाने शिकत नाही, ताण सुटल्याने शिकतो. सैल सोडायला उशीर झाला तर कशाबद्दल सुटलं हे त्याला कळत नाही. एक पाऊल पुढे, एक मागे, मागचे पाय बाजूला, एवढं पुष्कळ झालं. डावीकडून शिकलेलं उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून शिकवा. गोल फिरवून दमवू नका. कोवळ्या सांध्यांवर जोर येतो, आणि दमलेलं शिंगरू मऊ वाटतं ते तेवढ्यापुरतंच. गूळ हातातून देऊ नका, पाटीत टाका, नाहीतर बोटं चावायची सवय लागते.

आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. टाळ-मृदंगाच्या त्या गजरात, माणसांच्या रांगांमधून घोडे दौडतात. तिथे जाऊन एकदा त्यांचे कान आणि डोळे बघून या. गर्दीत सुटा घोडा सरळ धावतो तेव्हा त्याला माणसाची धास्ती नसते, हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

मोरकी आणली की ते तोंड फिरवत असेल तर त्या दिवशी खाजवून, मोरकी न घालताच बाहेर या. आणि एक कळवा: दोन्ही बाजूंनी सारखंच आखडतं, की एकाच बाजूने? एकाच बाजूने असेल तर त्या अंगाला जुनी दुखापत आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या आणि तोवर दोरीचं काम थांबवा.