‘नीना’ केव्हा, ‘ला वी ए बेल’ केव्हा?

प्रश्न : वाढदिवसाला मला नीना रिचीचा ‘नीना’ आणि लान्कोमचा ‘ला वी ए बेल’ असे दोन परफ्यूम भेट मिळाले. दोन्ही गोड, फळांच्या वासाचे वाटतात. मी ठाण्याहून लोकलने ऑफिसला जाते आणि मे महिन्यात मावसबहिणीचे लग्न आहे. कोणता केव्हा वापरावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही गोड असले, तरी त्यांच्या गोडीची जात निराळी आहे. २००६ साली आलेला ‘नीना’ फवारताच आधी लिंबाचा आंबटपणा जाणवतो आणि मग पाकात घोळवलेल्या लाल सफरचंदाचा वास वर येतो. त्याची बाटलीही सफरचंदाच्याच आकाराची आहे. २०१२ सालच्या ‘ला वी ए बेल’मध्ये पेअर आणि ब्लॅककरंट ही फळे सुरुवातीलाच भेटून जातात. त्यानंतर आयरिसचा पावडरीसारखा मऊ वास येतो आणि शेवटी व्हॅनिला, पॅचोलीचा मातकटपणा व ताज्या चिक्कीची आठवण करून देणारा प्रालीनचा गोडवा कितीतरी तास रेंगाळतो.

उष्ण त्वचेवरून सुगंधद्रव्ये लवकर उडतात, त्यामुळे थंडीत हवाहवासा वाटणारा दाट गोडवा उन्हाळ्यात, विशेषतः सकाळच्या गर्दीच्या डब्यात, शेजारच्यांना गुदमरवू शकतो. म्हणून ऑफिससाठी मी निःसंकोचपणे ‘नीना’ सुचवेन, आणि तोही दोनच फवारे. थोड्या वेळाने आपल्याला वास येईनासा होतो, कारण नाक त्याला सरावते. इतरांना मात्र तो येतच असतो. तेवढ्यासाठी पुन्हा फवारू नये.

‘ला वी ए बेल’ डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी खरा खुलतो. लग्नातही तो रात्रीच्या स्वागतसमारंभाला, वातानुकूलित सभागृहात शोभेल. मात्र केसांत मोगऱ्याचा गजरा माळणार असाल, तर माझे मत स्पष्ट आहे : त्या दिवशी हा परफ्यूम घरीच ठेवावा. त्यात जाई आणि संत्र्याच्या फुलांचाही गंध असल्याने ताज्या मोगऱ्याशी त्याची ओढाताण होते, आणि त्यात मोगऱ्यावर अन्याय होतो. सकाळच्या मुहूर्ताला गजऱ्याबरोबर ‘नीना’चा एकच फवारा मनगटावर पुरेसा आहे.

परफ्यूम साडी नेसण्यापूर्वी लावून पूर्ण वाळू द्यावा, कारण रेशमावर त्याचे डाग पडतात. मोत्यांचे दागिनेही त्यानंतरच घालावेत. अल्कोहोलमुळे मोत्यांची झळाळी मंदावते.