चर्चगेट की पवई

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते, एका कानाला तू आणि दुसऱ्या कानाशी अशील. धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळतंय आणि राज्याच्या सीईटीतून चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय. ‘मावशी, चांगलं कुठलं?’ असं तू विचारलंस. मी स्वतः या दोन्हींपैकी कुठेच शिकलेले नाही, त्यामुळे कुणाच्या बाजूने ओढायचं कारण नाही. पण तुझ्या बोलण्यात एक वाक्य आलं होतं, ‘मला जज व्हायचंय.’ ते तू घाईत बोलून गेलीस. मी मात्र तिथेच अडकले.

कारण जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टात पहिल्या पायरीच्या न्यायाधीशाची, वाट आता बदलली आहे. २००२ पासून कॉलेजातून बाहेर पडून थेट परीक्षेला बसता येत होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे पाच वर्षं शिक्षण, मग वकिलीची सनद, मग तीन वर्षं काळा कोट घालून कोणाच्या तरी मागे फाइली वाहायच्या, आणि मग परीक्षा. सनदेची फी ही अडचण नाही. खुल्या प्रवर्गालाही ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २०२४ चा निकाल आहे. अडचण त्यानंतरची. ज्युनिअरला सीनिअर जे देतात त्यात मुंबईत खोलीचं भाडं निघालं तरी नशीब समजायचं. मला पहिली दीड वर्षं लोकलचा पास आणि दुपारचा वडापाव एवढंच सुटत होतं, आणि मी भावाच्या घरी राहत होते.

आता फीकडे बघ. चर्चगेटची वर्षाची फी हजारांत आहे, पवईची लाखांत. बाबा म्हणतात कर्ज काढू. काढतीलही, मास्तरांचा पगार बँकेला आवडतो. पण कोर्स संपल्यावर वर्षभरात हप्ता सुरू होतो, नेमका तुझ्या वकिलीच्या त्या तीन वर्षांत. तेव्हा मोठ्या लॉ फर्मची नोकरी समोर आली तर ती घ्यावीच लागेल. घेण्यात वाईट काही नाही, पण तालुका कोर्टाच्या खुर्चीचं स्वप्न मग हप्त्यांमागे जाऊन बसतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून निघालेल्या, फार हुशार मुलांचं हे होताना मी पाहिलंय.

एवढ्यावरून मी तुला चर्चगेटला पाठवतेय असं समजू नकोस. त्या कॉलेजची खरी श्रीमंती वेगळीच आहे. १८५५ चं कॉलेज, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते, हे सगळं खरं. पण भिंतीवरची नावं तुझी केस चालवायला येत नाहीत. खरी श्रीमंती म्हणजे तिथला पत्ता. सकाळची लेक्चरं संपवून ओव्हल मैदान ओलांडलं की समोर उच्च न्यायालय, शेजारी सिटी सिव्हिल आणि सेशन्स कोर्ट, आणखी थोडं चाललं की मॅजिस्ट्रेटचं किल्ला कोर्ट. दुपारचे चार-पाच तास रोज कोर्टात बसता येतं. पवईहून कांजूरमार्ग, मग सेंट्रलची गर्दी, असं करून तू रोज येणार नाहीस. सुट्टीतल्या इंटर्नशिपपुरतीच येशील.

पण चर्चगेटला तुला कोर्टात जा असं कोणी सांगणार नाही. तू गेलीस काय, मरीन ड्राइव्हला शेंगदाणे खात बसलीस काय, विचारणारं कोणी नाही. पवईत उलट: ते विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने उभं राहिलेलं, निवासी, देशभरातून आलेली मुलं, रात्री बारालाही मूट कोर्टाचं, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याचं, लेखी म्हणणं लिहीत बसलेली. तिथे वातावरणच तुला ढकलतं. स्वतःला ढकलता येत नसेल तर ती फी वाया जात नाही, हेही मी मानते. चर्चगेटच्या दुपारी कॅंटीनमध्ये घालवणाऱ्या मुलापेक्षा पवईचं सामान्य मूल जास्त कायदा शिकतं.

इंग्रजीची भीती दोन्हीकडे सारखीच वाटेल. दक्षिण मुंबईची पोरं काही कमी फाडफाड बोलत नाहीत. पहिलं वर्ष गप्प जाईल, जाऊ दे. पुढे तालुक्याच्या कोर्टात उलटतपासणी मराठीत ऐकायची आहे, तिथे परभणीची मुलगी कोणाला हार जाणार नाही.

चर्चगेट घेतलंस तर राहायचं कुठे हे आधी ठरव. वसतिगृह मिळेलच असं धरून चालू नकोस, आणि डोंबिवलीची पेइंग गेस्ट खोली धरली तर स्वस्त फीचा निम्मा आनंद तिथेच संपतो. त्याशिवाय सकाळच्या लेक्चरला पोचायला पहाटेची गाडी. बार कौन्सिलचा सत्तर टक्के हजेरीचा नियम आहे, तो झोपेला ओळखत नाही. मुलींच्या शुल्कमाफीची सरकारी योजना तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कुठे लागू होते, तेही दोन्हीकडच्या कार्यालयात समोर बसून विचार.

माझा कल विचारशील तर चर्चगेट, पण एकाच अटीवर. पुढच्या आठवड्यात देवगिरी एक्स्प्रेसने ये, सकाळी सीएसएमटीला उतर. गुरुवारी सिटी सिव्हिलला माझं मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत आहे. बहुधा तारीखच पडेल. तरी मागच्या बाकावर बस, मोबाइल बंद, कोर्ट उठेपर्यंत. कंटाळा आला तर तसं सांग, लाज वाटायचं कारण नाही. शुक्रवारी पवईला जाऊन ये आणि मग बाबांना फॉर्मवर सही करायला सांग.

चालायच्या चपला घाल.

तुझी,
मावशी