दंतवल्क'तील' प्रथिने?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय: "'एनॅमल प्रोटीन्स'ला मी 'दंतवल्कातील प्रथिने' लिहिलं. पण त्याच मजकुरात पुढे येतं की दंतवल्कात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मग माझं काय चुकलं?"

चुकलाय तो 'तील'. तयार दंतवल्क, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, बाकी थोडं पाणी आणि नावापुरती प्रथिनं. दात हिरडीच्या आत घडत असताना मात्र गोष्ट वेगळी. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी प्रथिनांचा मऊ थर घालतात, त्यात ९० टक्क्यांच्या आसपास एकटं अमेलोजेनिन. या थरात हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजाचे लांब, बारीक स्फटिक ओळीने धरतात. एमएमपी-२० हे विकर (एन्झाइम) प्रथिनांचे तुकडे पाडत असतं, मागाहून केएलके-४ हे दुसरं विकर उरलंसुरलं संपवतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत जातात.

हे सरळसरळ सेंटरिंग झालं. स्लॅब धरला की फळ्या काढायच्या; 'स्लॅबमधल्या फळ्या' असं कोणी म्हणत नाही. (केएलके-४च्या जनुकात दोष असला तर प्रथिनं आतच अडकतात. दंतवल्क पुरेसं जाड होतं, पण मऊ आणि पिवळट-तपकिरी.) तेव्हा 'दंतवल्क घडवणारी प्रथिने' लिही. अमेलोजेनिन हे नावही तेच सांगतं: 'अमेल' हे इंग्रजीतलं एनॅमलचं जुनं रूप आणि पुढचा भाग 'जन्म देणारं' या अर्थाचा. त्याला मराठी प्रतिशब्द घडवायच्या फंदात पडू नकोस.

खरं तर मला 'दंतवल्क'च जरा खटकतो. वल्क म्हणजे झाडाची साल, वल्कलं त्यातलीच. साल झाडाला नवी येत राहते. दात हिरडीबाहेर येईपर्यंत अमेलोब्लास्ट नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे हा थर पुन्हा येत नाही. इंग्रजीतला एनॅमल मुळात कारागिरांचा, धातूवर काच वितळवून चढवणाऱ्यांचा. दागिन्यांवरच्या त्याच कामाला आपण मिनाकाम म्हणतो, म्हणून 'दंतमिना' मला जास्त पटला असता. आमच्याकडे निळ्या काठाचा पांढरा इनॅमलचा मग होता. त्याचा टवका उडाला तिथे शेवटपर्यंत काळं लोखंडच दिसायचं. दाताचंही तसंच.

पण तू आपली 'दंतवल्क'च ठेव. शब्द रुळलाय, आणि 'दंतमिना' वाचून लोक सराफाकडे जायचे.