ढोलकीवाला नाही, तर इलेक्ट्रिक गिटारवर ठेका निघेल का?

निघतो की! पण गिटारच्या लाकडावर थापा मारून फारसं काही ऐकू येणार नाही. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार पोकळ असते, तिथं ते चालतं. इलेक्ट्रिकचा पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज टिपणारा भाग, चुंबकाचा, त्याला कळते ती तारेची हालचाल. म्हणजे मार तारांवरच बसायला हवा.

‘धुम्’साठी जाड सहावी तार अंगठ्यानं हाणा आणि लगेच तळहातानं झाका. ती मोकळी साधारण 82 हर्ट्झवर वाजते. ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे सूर एक सप्तक खाली नेणारं यंत्र, लावलं की 41. गणपतीतला ढोल आठवेल.

‘चिक्’ सोपं. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, दाबू नका, आणि पिकनं खरडा.

खरी मजा तिसऱ्या आवाजात. सातव्या-नवव्या फ्रेटपाशी (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सहावी तार ओढून पाचवीवर चढवायची, दोन्ही तिथंच दाबून धरायच्या आणि छेडायच्या. तारा एकमेकींवर खडखडतात, सूर जवळजवळ मरतो, उरतो तो कडकडाट. ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या स्नेअरसारखा म्हणतात, आमच्या बेळगावकडच्या कानाला मात्र ती हलगीच वाटते. नवीन तारा असतील तर बोटं सोलतात, तेवढं सोसा.

गेन, म्हणजे अ‍ॅम्पवर सिग्नल किती वाढवायचा ते बटण, कमी ठेवा हं. शहापुरात गल्लीच्या मंडपात मी तो चढवला आणि ठेक्याऐवजी स्पीकरनं अशी शिट्टी मारली की आरतीला आलेल्या मावश्या कान झाकून उठल्या.

लूपर, म्हणजे वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल, असेल तर आधी चार मात्रा भरून घ्या, मग वरून गाणं वाजवा.